मुरबाडच्या तारखा

॥ श्री ॥

शहापूर
६ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. पारूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

राखीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. भाऊबीजेला तू आलीस तेव्हा घर भरलेलं होतं, आणि मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. फोनवर बोलता आलं असतं, पण पैशाची आणि हक्काची गोष्ट कागदावर बरी. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

मी ऑफिससाठी टेलिफोनची यंत्रणा निवडतो आहे. आज आपल्याकडे लाइन एक आणि फोनही एक. तो वाजला की गोदामातून लडकू धावतो, वरून तुझी वहिनी धावते, आणि दोघांपैकी जो आधी पोचेल तो मांडवाची ऑर्डर अर्धी ऐकतो. गेल्या मोसमात दोन लग्नं अशी गेली. त्यात पी.पी. वाल्यांचा त्रास. आळीतल्या प्रत्येकाने जिथे तिथे माझा नंबर लिहून दिला आहे, पुढे पी.पी. ही दोन अक्षरं टाकली की यांचं काम संपलं. कुणाच्या मावशीचं ऑपरेशन झालं, कुणाचा जावई रुसला, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं आणि मी निरोप्यासारखा हाका मारत फिरतो. बी.कॉम. होऊन मी हे करतो.

कल्याणहून एक विक्रेता आला होता. गळ्यात टाय, पायात सँडल. लडकूला तो तुमचा स्टाफ म्हणाला, तेव्हा लडकूने मागे वळून पाहिलं. त्याने तीन प्रकार दाखवले. पहिला, एकाच लाइनीवर तीन फोन नुसते जोडायचे. एकाने उचलला की बाकीचे ऐकत बसतात. हा प्रकार त्याने मला सोनार पितळ दाखवतो तशा चेहऱ्याने दाखवला. दुसऱ्यात भिंतीवर एक डबा, त्यातून ऑफिस, गोदाम आणि घर असे वेगळे फोन, एकमेकांत फुकट बोलता येतं. तिसऱ्यात तोच डबा, पण फोन आला की आधी एक रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो आणि कुठे बोलायचं त्याचं बटण दाबायला सांगतो. मला स्वस्त हवं आहे, पण स्वस्त दिसायला नको. ही माझी अडचण त्याने माझ्याआधी ओळखली, म्हणून तो मला आवडला नाही.

आता मुद्दा. तिसरा प्रकार परवडायचा तर कुठेतरी कपात हवी. मुरबाडच्या गोदामातला फोन बंद करावा असं माझ्या मनात आहे. तुझ्याकडे फोनवर ऑर्डर ठरतच नाही. लोक हातात नारळ-सुपारी घेऊन येतात आणि ओटीवर बसतात. मग त्या फोनचं भाडं कशासाठी? सगळ्या तारखा शहापूरहून दिल्या जातील, तुला निरोप येईल आणि तू मांडव पाठवशील. डायरीत मी लिहिलं की हा निर्णय खर्चाचा आहे. मग खाली लिहिलं, खर्चाचाच आहे ना? उत्तर होय असं आलं. पण उत्तर देणाराही मीच, तेव्हा तुलाही विचारतो.

वाल्मिकरावांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझा,
कमळाकरदादा


॥ श्री ॥

मुरबाड
१५ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
पारूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मग यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की तुझ्या दादाचं अक्षर फार सुंदर आहे. बाकी काय बोलले नाय.

मला एक समजत नाय. तुझं ऑफिस म्हणजे एक खोली, मधे पत्र्याची आडभिंत. गोदाम मागच्या दारात. घर डोक्यावर. लडकूला शिंक आली तरी वहिनीला वर कळतं. एवढ्यात तीन फोन आणि भिंतीवर डबा लावून तू कुणाशी बोलणार आहेस? जेवायला वर ये हे वहिनी आता फोनवर सांगणार का? बाबा असते तर म्हणाले असते की पोराला हाक मारायची लाज वाटू लागली. तुला डबा घ्यायचा तर घे, तुझे पैसे. त्या तिघांतला मधला घे. ज्याला आवाज हवा त्याने लग्नात बेंडबाजा सांगावा.

पण मुरबाडच्या फोनला हात लावू नको. तू लिहितोस की माझ्याकडे फोनवर ऑर्डर ठरत नाय. खरं आहे. पण वैशाखरे गावचा माणूस जीपचं भाडं भरून येण्याआधी दुकानातून फोन करून विचारतो की बाय, अमुक तारीख रिकामी आहे का. मी हो म्हटलं की तो सुपारी घेऊन निघतो. सुपारी माझ्या हातात पडली की तारीख त्याची, मग राजा आला तरी द्यायची नाय. बाबांनी कधी कुणाला पावती दिली नाय आणि कधी कुणाचा मांडव चुकला नाय. जाताना त्यांनी तुझ्यासमोरच सांगितलं की मुरबाडच्या तारखा पारू देईल. फोन गेला आणि तारखा शहापूरहून आल्या की मी कोण उरते, ते तूच सांग. बांबू राखणारी. तिला पगार किती देणार तेही कळव.

रागावले नाय रे. पण हसलेही नाय. वहिनीला नमस्कार, आणि भाच्यांना माझे पापे. लोभ कमी करू नको.
तुझी,
पारू


॥ श्री ॥

शहापूर
२० डिसेंबर १९९८

चि. सौ. पारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्यातली चेष्टा मी बाजूला काढली आणि उरलेल्यावर विचार केला. तरी मी तिसराच प्रकार घेतला.

मुरबाडचा फोन मी कायमचा बंद केलेला नाही. टेलिफोन खात्यात सेफ कस्टडी नावाची सोय आहे; लाइन काही काळ त्यांच्याकडे ठेवायची, भाडं वाचतं, नंबर जात नाही. फोन बाबांनंतर माझ्या नावावर झालेला असल्याने अर्ज माझ्या सहीने होतो. मी तो केला आहे. या एका मोसमापुरतं करून पाहू, मग तुझं म्हणणं खरं ठरलं तर परत सुरू करू. तुला न विचारता केलं असं तू म्हणशील. मी विचारलं होतं. तू नाही म्हणालीस, एवढाच फरक.

यंत्र उत्तम चालतं. तुझ्या वहिनीचा आवाज भरला आहे: नमस्कार, निमसे मंडप आपलं स्वागत करीत आहे, ऑफिससाठी एक दाबा, गोदामासाठी दोन, घरासाठी तीन. चार वाक्यं बोलायला तिने सारी दुपार घेतली आणि मधे दोनदा रडली, पण आवाज चांगला आला. लोकांची अक्कल मात्र पाहून घे. ती नमस्कार म्हणाली की हे तिकडून नमस्कार म्हणतात आणि थांबतात. मग तिने आपली चौकशी केली नाही म्हणून नाराज होतात. किन्हवलीच्या एका म्हाताऱ्याने घरी येऊन मला सांगितलं की तुमच्याकडे बाई ठेवली आहे ती माणसाचं ऐकून घेत नाही, आपलंच दामटते. मी त्याला बटण समजावलं. तो म्हणाला की दाबलं होतं, पण फोन ठेवायचंच दाबलं.

बटण न दाबणाऱ्याचं काय करायचं, हे यंत्रात ठरवून ठेवता येतं. एकतर फोन आपोआप ऑफिसात वाजतो, नाहीतर आपोआप बंद होतो. विक्रेता म्हणाला की सगळे पहिलं ठेवतात. मी दुसरं ठेवलं. ज्याला एक आकडा दाबता येत नाही त्याच्याशी मला काय बोलायचं आहे? दोन दिवसांत पी.पी. वाल्यांचा ओघ आटला. डायरीत मी विचारलं की हा तिरस्कार आहे की शिस्त. अर्धं पान लिहूनही ठरेना, म्हणून शिस्त असं लिहून वही मिटली.

आणि फळ पाहा. महामार्गावरच्या पाइपच्या कारखान्याच्या मालकांनी मुलीच्या लग्नाची ऑर्डर दिली, २१ फेब्रुवारी. एका फोनवर. ना नारळ, ना सुपारी, ना चहाचे कप. त्यांनी एक दाबलं, मी उचललं, ठरलं. मांडव मोठा आहे, तेव्हा मुरबाडचाही सगळा माल लागेल. आदल्या दिवशी, वीस तारखेला टेम्पो पाठवतो, बांबू, कापड, भांडी आणि जनरेटर तयार ठेव.

जसा जीव लावतेस तसा लावत जा.
तुझा,
दादा


॥ श्री ॥

मुरबाड
१७ जानेवारी १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टेम्पो पाठवू नको.

२१ फेब्रुवारी मी दिलेली आहे. वैशाखऱ्याच्या गोजरच्या मुलीचं, सोमीचं लग्न आहे. तुळशीचं लग्न झाल्यावर पाचव्या दिवशी तो आला, माझ्या हातात नारळ आणि सुपारी दिली. सुपारी देवाच्या फळीवर आहे. तुझा कारखानेवाला त्यानंतरचा. आणि आधीचा असता तरी मला कसं कळणार होतं?

तुझं पत्र आल्या दिवशीच मी तुला फोन करायला बूथवर गेले. वहिनी बोलली. बूथवरचा फोन चकतीचा. त्याला बटणं नायत, चकती फिरवली तरी तुझ्या डब्याला ते कळत नाय. वहिनीचं बोलणं संपलं आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा नमस्कार, पुन्हा बंद. तीन वेळा. बूथवाला दर वेळी पैसे घेतो, कारण पलीकडून कुणीतरी बोललेलं असतं. चौथ्यांदा तो मला म्हणाला की ताई, तुमचे भाऊ बोलायचं नाय म्हणत असतील तर कशाला पैसे घालवता. बाजारच्या दिवशी, चार माणसांत. मी घरी आले. मग यांना शहापूरला पाठवलं, तर तू माल पाहायला भिवंडीला गेलेला. यांनी लडकूकडे निरोप ठेवला. तो तुला मिळाला की त्यालाही बटण दाबायचं होतं?

तू लिहितोस की ज्याला आकडा दाबता येत नाय त्याच्याशी काय बोलायचं. मी दहावी आहे दादा. आकडे मला येतात. तू आपल्या दाराला अशी कडी लावलीस की बहिणीलाही बाहेरून उघडेना, आणि वर लिहितोस की यंत्र उत्तम चालतं. शिकलेल्या माणसाने फोन विकत घेतला आणि उचलायची सोय काढून टाकली.

ती सुपारी मी परत देणार नाय. मी दिली तर या मोसमानंतर मुरबाडपासून माळशेजपर्यंत माझ्या हातात कुणी सुपारी देणार नाय, आणि का द्यावी? तू तुझ्या माणसाला काय सांगायचं ते सांग. टेम्पो आला तर रिकामा जाईल. लडकूला उगाच हेलपाटा नको, एवढ्यासाठी आधी कळवते.

वहिनीला सांग की तिचा आवाज मला गोड लागला. तुझ्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी मधे न बोलता ऐकलं.
माया असू दे.
पारू


॥ श्री ॥

शहापूर
२ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. पारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लडकूचा निरोप मला मिळाला होता. मी तो मनावर घेतला नव्हता. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

तुझं पत्र वाचून मी चिडलो आणि तुला न कळवता परवा वैशाखऱ्याला गेलो. मला वाटलं, अडाणी माणूस आहे, समजावलं की ऐकेल. दुसरी तारीख घे, भाड्यात सूट देतो, असं सांगायचं ठरवून गेलो. जीपमध्ये मी वाक्यं जुळवत होतो.

गोजर अंगणात पेंढ्याच्या उडव्याला टेकून बसला होता. त्याने मला ओळखलं नाही. मी कोंडू निमशांचा मुलगा, मांडववाला, असं सांगितल्यावर त्याने विचारलं की म्हंजे मुरबाडच्या बायचे भाऊ का. मी हो म्हणालो. मला दुसरं काय म्हणता आलं असतं? त्याची बहीण भिमी भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवून विचारलं की त्या फोनमधली बाय तुमच्याच घरची का, लय मोठ्या घरची असावी, सगळ्यांना नमस्कार करते आणि कुणाचं ऐकत नाय. बायका हसल्या. मी हसलो नाही, त्यामुळे त्यांना जास्तच हसू आलं.

मी गोजरला सांगितलं की एकवीस तारीख फोनवर आधीच ठरली होती. हे खोटं होतं, आणि ते मला बोलताना ठाऊक होतं. त्याने वाद घातला नाही. त्या फोनवाल्याने सुपारी कुठल्या हातात दिली, एवढंच विचारलं. मी त्याला समजावू लागलो की आता धंद्यात सुपारी लागत नाही, शब्द फोनवर जातो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की तारीख आमी बायकडून घेतली, बाय तोंडाने नाय म्हणेल तर तिच्याच हातून सुपारी परत घेऊ आणि आपल्या रानातले मेढे आणून डहाळ्यांचा मांडव घालू, पोरीचं लगीन काय अडत नाय. त्याच्या नारळाचे पैसे परत द्यायला मी खिशातून काढले. त्याने हात पुढे केला नाही. तुम्ही कोण, असं मात्र त्याने विचारलं नाही. तेवढा तो सभ्य होता. चहा दिला. मी तो पुरा प्यालो, कारण उठून जायला मला कारण सापडेना.

परतताना मला त्या माणसांचा राग येत होता आणि राग कशाचा ते सापडत नव्हतं. त्यांनी माझा अपमान केला नव्हता. मी धंद्याचा मालक आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ते ठाऊक करून देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

कारखान्याच्या मालकांना मी नाही म्हटलेलं नाही. फोनवर दिला तरी शब्द तो शब्दच, त्यांची चूक नाही. त्यांच्यासाठी कल्याणहून मांडव भाड्याने आणतो. त्यात मिळणार काही नाही, उलट जाईल. मुरबाडचा माल वैशाखऱ्याला जाऊ दे. लग्न झालं की मी तुझा फोन परत सुरू करून देतो. आता तरी मनात किल्मिष ठेवू नकोस.
तुझा,
दादा


॥ श्री ॥

मुरबाड
८ मार्च १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोमीचं लग्न नीट झालं. जनरेटर एकदाही बंद पडला नाय. भिमीने मला विचारलं की तुझा भाऊ घरी पोचला का, फार घाईत होता. मी सांगितलं, पोचला.

तू वैशाखऱ्याला गेलास ते मला गोजरनेच सांगितलं होतं, तुझं पत्र नंतर आलं. खोटं बोललास तेही तू लिहिलंस, म्हणून मी त्याबद्दल काय लिहीत नाय. पण माझ्या माणसाकडे जाऊन माझा शब्द परत मागायला तू माझ्या दारावरून गेलास, जीप मुरबाडला थांबते, आणि तू उतरला नायस. ते मला फोनपेक्षा जास्त लागलं.

तू लिहितोस, फोन परत सुरू करून देतो. नको. तू दिलेला फोन तू पुन्हा ठेवून घेशील, कधी सेफ, कधी कस्टडी. मी माझ्या नावाने नव्या लाइनचा अर्ज केला आहे. नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर माझं अडलेलं नाय. फोन बंद झाल्यापासून लोक तारीख विचारायलाही स्वतःच येतात, आणि आलेच आहेत तर सुपारी देऊनच जातात. चैत्र-वैशाख माझा भरला. तुझ्या डब्याने माझं भलं केलं, तेवढं त्या टायवाल्याला सांग.

आता मागणं. मुरबाडचा मांडव माझ्या नावाने चालेल. बाबांनी तारखा मला दिल्या, मालही तिथलाच. अर्धा वाटा तुला दर मोसमात जात होता, तो यंदाचा घे, पुढचा नाय. गोदामावर नवी पाटी लागेल. आणि मुरबाडच्या भांड्यांवर माझं नाव घालायचं आहे. लग्नात चार ठिकाणची भांडी एकत्र होतात, परत मागताना नाव दाखवावं लागतं. यावर तू विचार करशील, डायरी लिहिशील, सगळं कर. पण उत्तर एका पानात दे.

वहिनीला एकदा माहेरपणाला इकडे पाठव. तिला बोलायला मिळेल.
जिव्हाळा राहू दे.
तुझी,
पारू


॥ श्री ॥

शहापूर
१४ मार्च १९९९

चि. सौ. पारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

एका पानात लिहितो. याआधीची तीन पत्रं फाडली. पहिल्यात मी लिहिलं होतं की दोन पाट्या झाल्या की गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल. कुणाचा घोटाळा होणार आहे? वैशाखऱ्याला माझी पाटी कुणाला माहीत नाही. दुसऱ्यात, बाबांचं नाव पुसू नये असं फार भावुक होऊन लिहिलं. मग आठवलं की यंत्रात आवाज भरताना बाबांचं नाव लांब होतं म्हणून मीच गाळलं, नुसतं निमसे ठेवलं. तिसऱ्यात मी तुला व्यवहार शिकवला होता. ते वाचून मला स्वतःचीच किळस आली, आणि ती किळसही मी सुंदर अक्षरात लिहिली होती.

तर हो. पाटी लाव. यंदाचा वाटाही नको, कल्याणच्या मांडवाची खोट माझी मी भरीन.

मुरबाडला जीप थांबली होती. मी खिडकीशी बसलो होतो आणि तुझं गोदाम दिसत होतं. तू दारात नव्हतीस. असतीस तर मी उतरलो असतो, असं मी डायरीत लिहिलं आणि खोडलं, कारण तू दारात नाहीस याचं मला बरं वाटलं होतं.

यंत्र मी बदलून घेतलं आहे. बटण दाबलं नाही तर फोन माझ्या टेबलावर वाजतो. पी.पी. वाले परत आले. काल एकाच्या मेहुणीला मुलगा झाला, ते सांगायला मी उन्हात आळीच्या टोकापर्यंत गेलो. त्यांच्याविषयी माझं मत फारसं सुधारलेलं नाही. ज्याच्याकडे गेलो त्याच्या बायकोने मला पेढा तर दिला नाहीच, उलट बाळाचं वजन का विचारून घेतलं नाही म्हणून बोलली. पण फोन मी उचलतो.

वहिनी पुढच्या आठवड्यात येते आहे. तिने तारीख मला विचारली नाही, नुसतं सांगितलं.

तुला पटेल तेवढी माया ठेव, मागत नाही.
तुझा,
कमळाकरदादा

ता. क. डायरीत उद्यासाठी एकच काम लिहिलं आहे, तेच इथे उतरवतो: भांड्यांवर नावं घालणाऱ्याला गाठून मुरबाडला पाठवणे, तो अक्षरागणिक पैसे घेतो म्हणून आद्याक्षरं सुचवील, त्याला पूर्ण नाव घालायला सांगणे, पार्वती वाल्मिक घुडे.